ब्रेक ऑइल हे ऑइल नव्हे!

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या भाच्याने कर्ज काढून एक जुनी जीपगाडी घेतली. जालना ते अंबड, घनसावंगी अशी भाड्याची वाहतूक करावी आणि स्वतःच्या पायावर उभे राहावे, हा त्याचा बेत. घरात पहिल्यांदाच चारचाकी आली होती. बहिणीला कोण आनंद! भाचा म्हणाला, “मामा, पहिला फेरा घरच्या माणसांचा. सगळ्यांना घेऊन अजिंठा लेणी बघून येऊ.”

शाळांना सुट्टी होती. आम्ही, आमची पत्नी, बहीण, लेकरे अशी नऊ माणसे भल्या सकाळी निघालो. राजूर, भोकरदन, सिल्लोड करत अजिंठा गावापर्यंत प्रवास हसतखेळत झाला. भोकरदन म्हणजे जुने भोगवर्धन. तिथल्या दानशूरांची नावे सांची आणि भरहूतच्या स्तूपांवर कोरलेली आहेत, हे आम्ही मुलांना सांगत होतो. अजिंठा गाव मागे पडले आणि फर्दापूरकडे उतरणारा घाट लागला. भाच्याने डिझेल वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रल केली आणि नुसत्या ब्रेकवर उतरू लागला. तीन-चार वळणे झाली असतील नसतील, तो ओरडला, “मामा, पॅडल खाली चाललंय!”

पाय थेट तळाला टेकला होता आणि गाडी थांबत नव्हती. पोराने डोके शाबूत ठेवले. पॅडलवर भराभर पाय मारत कसाबसा गिअर टाकला, हँडब्रेक हळूहळू ओढला आणि गाडी दरीच्या बाजूला न नेता डोंगराच्या बाजूला घासत नेऊन थांबवली. पत्रा चेमटला, माणसे वाचली. बहीण रस्त्याच्या कडेला बसून कितीतरी वेळ थरथरत होती.

खरे आश्चर्य पुढे आहे. अर्ध्या तासाने भाच्याने पॅडल दाबून पाहिले, तर ब्रेक पहिल्यासारखा कडक! “बघा मामा, बरा झाला. उगीच घाबरलो.” आम्ही मात्र पुढे जाण्यास साफ नकार दिला. फर्दापूरहून एक मिस्त्री आणवला. त्याने बॉनेट उघडून ब्रेक ऑइलच्या डबीचे झाकण काढले. आत कोऱ्या चहासारखे काळपट पाणी. “हे शेवटचं कधी बदललं?” त्याने विचारले. भाचा म्हणाला, “बदलायचं असतं का? कमी झालं की वरून टाकायचं, एवढंच ठाऊक.”

वाचकहो, आम्ही बी. कॉम. झालेले, कचेरीत फायली सांभाळणारे. पण आम्हालाही हे ठाऊक नव्हते. इंजिन ऑइल बदलतात हे पोरासोरांना माहीत असते. ब्रेक ऑइल बदलतात हे चांगल्या चांगल्या चालकांना माहीत नसते. आपल्या वस्त्यांतली कितीतरी तरुण मुले आज काळीपिवळी, रिक्षा, मोसंबीचे टेम्पो, एमआयडीसीच्या पाळ्यांच्या गाड्या चालवतात. म्हणून त्या दिवसापासून मिस्त्री लोकांकडून, गाड्यांच्या पुस्तिकांतून जे समजून घेतले, ते इथे मांडत आहोत.

पाय दाबला की चाक का थांबते?

घरी एक प्रयोग करून पाहा. सुई काढलेल्या दोन सिरिंज घ्या, एक लहान, एक मोठी. दोहोंमध्ये पाणी भरून सलाइनच्या नळीने जोडा. लहान सिरिंजचा दट्ट्या दाबला की मोठीचा दट्ट्या बाहेर सरकतो, आणि तो बोटाने अडवू म्हटले तर अडत नाही. बंद जागेतल्या द्रवावर दाब दिला की तो सगळीकडे सारखा पोचतो. हा नियम सतराव्या शतकात पास्कल या फ्रेंच शास्त्रज्ञाने सांगितला. लहान दट्ट्यावर थोडे बळ लावले की मोठ्या दट्ट्यावर जास्त बळ मिळते.

मोटारीत हेच होते. पॅडलजवळ मास्टर सिलिंडर असतो, चाकाजवळ व्हील सिलिंडर किंवा डिस्कचा कॅलिपर असतो आणि मधल्या नळ्यांत ब्रेक ऑइल भरलेले असते. तुमच्या पायाचे बळ ते चाकापर्यंत नेते. अमेरिकेत माल्कम लॉकहीड यांनी ही पद्धत विकसित केली आणि १९२१ साली ड्यूसेनबर्ग या मोटारीच्या चारही चाकांना असे ब्रेक बसले. शंभर वर्षे झाली, मूळ तत्त्व तेच आहे.

आता त्याच नळीत थोडी हवा राहू द्या आणि दट्ट्या दाबा. हवा दबते, मोठा दट्ट्या हलतच नाही किंवा अर्धवट हलतो. द्रव दबत नाही, हवा आणि वाफ दबते. आमच्या घाटातल्या प्रसंगाचे सगळे मर्म या एका वाक्यात आहे.

नावाने केलेला घोळ

आपण सगळे ‘ब्रेक ऑइल’ म्हणतो, पण ते तेल नव्हेच. बहुतेक गाड्यांतला हा द्रव ग्लायकॉल जातीच्या रसायनांपासून बनतो. त्याची दोन लक्षणे ध्यानात ठेवावीत.

पहिले, तो पाणी शोषतो. पावसाळ्यात मिठाची बरणी उघडी राहिली तर मीठ ओलावते, तसेच याचे आहे. डबीच्या झाकणाच्या बारीक छिद्रातून, रबरी नळ्यांतून हवेतला ओलावा हळूहळू आत शिरत राहतो. गाडी चालो अथवा दारात उभी राहो, पाणी शिरतेच.

दुसरे, त्याच्याशी खऱ्या तेलाचे वैर आहे. ब्रेकमधली रबरी वायसरे या ग्लायकॉलला मानवणाऱ्या रबराची असतात. ‘ऑइलच तर आहे’ म्हणून कोणी इंजिन ऑइल, गिअर ऑइल किंवा डिझेल त्या डबीत ओतले, तर ती वायसरे फुगतात, मऊ पडतात आणि ब्रेक अडकून बसतात किंवा निकामी होतात. मग सगळी वायसरे आणि नळ्या बदलून पूर्ण धुऊन काढण्यावाचून गत्यंतर नसते. ब्रेकचे रबरी भाग पेट्रोल-रॉकेलने धुणेही याच कारणासाठी चूक आहे. ते ताज्या ब्रेक ऑइलनेच धुवावेत.

घाटात नेमके काय घडले?

माणसांसह दोन टन भरणारी जीप शंभर मीटर खाली उतरते, तेव्हा जी शक्ती सुटते ती सगळी ब्रेकमध्ये गेली, तर सुमारे सहा लिटर थंड पाण्याला उकळी फुटेल एवढी उष्णता होते! गाडी गिअरमध्ये असेल तर इंजिन यातला बराच भार उचलते. न्यूट्रलमध्ये सगळा भार बिचाऱ्या ब्रेकवर. डिस्क, पॅड, लायनर तापतात, ती धग सिलिंडरातल्या द्रवाला लागते.

नवा द्रव ही धग सोसतो. जुना, पाणी प्यालेला द्रव मात्र लवकर उकळतो. उकळला की नळीत वाफेचे बुडबुडे, आणि वाफ म्हणजे दबणारी वस्तू. पाय तळाला जातो, चाकाला खबर नसते. गाडी थंड झाली की वाफेचा पुन्हा द्रव होतो आणि ब्रेक ‘बरा’ होतो. भाच्याला ब्रेक बरा झाला असे वाटले ते यामुळे. दुखणे आतच होते, पुढच्या उतारावर पुन्हा उठले असते.

बाटलीवरचे आकडे वाचायला शिका

बाटलीवर डॉट ३, डॉट ४ असे लिहिलेले असते. ही अमेरिकेच्या वाहतूक खात्याची प्रतवारी असून ती जगभर वापरतात. प्रत्येक प्रतीला दोन उत्कलनबिंदू ठरवून दिले आहेत: एक कोऱ्या द्रवाचा आणि दुसरा त्यात ३.७ टक्के पाणी मुरल्यानंतरचा. किमान आकडे असे आहेत.

डॉट ३ : कोरा २०५ अंश सेल्सिअस, पाणी मुरल्यावर १४० अंश.
डॉट ४ : कोरा २३० अंश, पाणी मुरल्यावर १५५ अंश.
डॉट ५.१ : कोरा २६० अंश, पाणी मुरल्यावर १८० अंश.

शंभर भागांत चार भागही पाणी नाही, तरी डॉट ४ ची सहनशक्ती ७५ अंशांनी उतरते. जुन्या डॉट ४ पेक्षा कोरा डॉट ३ किती तरी बरा, हे या आकड्यांवरूनच दिसते. महाग बाटली आणली म्हणजे वर्षानुवर्षे बघायला नको, हा समज खोटा आहे.

आता कोणते घ्यावे? उत्तर साधे आहे. डबीच्या झाकणावर किंवा गाडीच्या पुस्तिकेत जी प्रत लिहिली असेल तीच. डॉट ३ सांगितलेल्या गाडीत डॉट ४ चालते, दोन्ही एकाच जातीची आहेत. मात्र डॉट ४ सांगितलेल्या गाडीत डॉट ३ टाकून खालच्या पायरीवर येऊ नये. आणि एक फसवे नाव लक्षात ठेवा, ते म्हणजे डॉट ५. ते सिलिकॉनचे असते, डॉट ५.१ शी त्याचे नाते फक्त आकड्यापुरते. आपल्या नेहमीच्या द्रवात ते कधीही मिसळू नये.

बाटली ओळखीच्या दुकानातून, सीलबंद आणि तारीख पाहून घ्यावी. सुट्या डब्यातून पाण्याच्या बाटलीत ओतून दिलेले ब्रेक ऑइल फुकट मिळाले तरी घेऊ नये. ते किती महिने उघडे होते, कोण सांगणार? बाटली लागेल तेवढ्याच मापाची आणावी. एकदा उघडलेली अर्धी बाटली वर्षभर गॅरेजच्या फळीवर ठेवून पुन्हा वापरणे म्हणजे विकत आणलेला ओलावा गाडीत भरणे होय.

केव्हा बदलावे?

बऱ्याच गाड्यांच्या पुस्तिकेत दोन वर्षे किंवा ४० हजार किलोमीटर, जे आधी होईल ते, अशी मर्यादा असते. आपल्या गाडीची पुस्तिका काय सांगते ते पाहावे. जुनी गाडी घेतली असेल तर आधीच्या मालकाच्या शब्दावर न जाता पहिल्याच आठवड्यात बदलून घ्यावे. आमच्या भाच्याचे इथेच चुकले. त्याने रंग दिला, सीट कव्हर घातले, टेप बसवला. पण ब्रेक पाहिला नाही.

काही खुणा चालकाने ओळखाव्यात. पॅडल स्पंजासारखे मऊ लागले, तर आत हवा आहे. पाय दाबून धरल्यावर पॅडल हळूहळू खाली जात राहिले, तर मास्टर सिलिंडरची वायसरे गेली किंवा कुठे गळती आहे. डबीतली पातळी महिनोन्महिने थोडी थोडी उतरली, तर बहुधा पॅड झिजले आहेत. ती एकदम उतरली, तर गळती समजून गाडी जागेवरच उभी करावी. चाकाच्या आतल्या बाजूला ओल दिसते का, तेही पाहावे. रंग काळा पडला तर बदलाच. पण रंग स्वच्छ आहे म्हणून पाणी नाही, असे मात्र समजू नये. पाणी डोळ्यांना दिसत नाही.

कसे बदलतात?

हे काम जाणत्या मिस्त्रीकडून करून घ्यावे, असा आमचा आग्रह आहे. तरी पद्धत ठाऊक असली म्हणजे काम नीट होते की नाही, हे शेजारी उभे राहून पाहता येते.

गाडी सपाट जागी उभी करून चाकांना दगड लावावेत. जॅकवर उचललेल्या गाडीखाली भक्कम स्टँड हवाच. डबीचे झाकण उघडण्याआधी भोवतालची धूळ पुसावी. डबीतला जुना द्रव पंपाने किंवा सिरिंजने काढून नवा भरावा. नंतर एकेका चाकाच्या निपलमधून जुना द्रव बाहेर काढायचा. साधारण रीत अशी की मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबचे चाक आधी. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो, म्हणून मागचे डावे, मागचे उजवे, पुढचे डावे आणि शेवटी पुढचे उजवे. काही गाड्यांचा क्रम वेगळा असतो, तिथे पुस्तिका प्रमाण.

निपलला पारदर्शक नळी लावून तिचे दुसरे टोक थोडे ब्रेक ऑइल असलेल्या बाटलीत बुडवावे. एकाने पॅडल दाबून धरायचे, दुसऱ्याने रिंग पान्याने निपल किंचित सैल करायचे. जुना द्रव नळीतून बाहेर येतो, पॅडल खाली जाते. निपल आवळल्याशिवाय पाय उचलायचा नाही, नाहीतर हवा आत ओढली जाते. म्हणून दोघांनी मोठ्याने बोलावे: “दाब”, “सोड”. नळीतून स्वच्छ, बुडबुडे नसलेला द्रव येईपर्यंत हे चालू ठेवावे. मध्ये मध्ये डबी भरत राहावे. ती रिकामी झाली की सगळी मेहनत पाण्यात.

जुन्या गाडीत पॅडल तळापर्यंत आदळू नये. मास्टर सिलिंडरचा जो भाग वर्षानुवर्षे वापरात नसतो तिथे गंज असतो, त्यावर वायसर घासून फाटते. पॅडलखाली लाकडी ठोकळा ठेवला की भागते. बाहेर काढलेला द्रव पुन्हा डबीत ओतू नये.

भारतात एप्रिल २०१९ पासून नव्या मोटारींना एबीएस सक्तीचे झाले आहे. अशा काही गाड्यांत आतली हवा काढायला कंपनीचे यंत्र जोडावे लागते, तिथे रस्त्याकडेच्या उपायांवर विसंबू नये. काम झाल्यावर गाडी सुरू करून पॅडल कडक आहे ना ते पाहावे आणि मोकळ्या मैदानात अगदी सावकाश वेगाने ब्रेक तपासावा. मगच रस्त्यावर यावे.

दुचाकीला डिस्क ब्रेक असेल तर हँडलवरच्या छोट्या डबीत हाच द्रव असतो. रोज कामावर फटफटीने जाणाऱ्यांनी तीही विसरू नये.

क्लचचे काय?

मारुती ८००, ओम्नी अशा गाड्यांचा क्लच तारेवर चालतो, तिथे द्रवाचा प्रश्न नाही. बऱ्याच जीपगाड्या आणि नव्या मोटारींत मात्र क्लचलाही मास्टर आणि खालचा सिलिंडर असतो, आणि त्यात बहुधा ब्रेकचाच द्रव चालतो. काही गाड्यांत दोघांची डबी एकच असते. क्लचचे पॅडल दाबलेल्या जागीच राहणे, ते पोकळ लागणे, गिअर टाकताना करकर आवाज येणे ही दुखण्याची लक्षणे. क्लच प्लेट गेली म्हणून गिअरबॉक्स उतरवण्याआधी हा द्रव आणि त्याची गळती पाहायला सांगावे. कधी कधी थोडक्यात काम भागते. क्लचमधली हवा गिअरबॉक्सजवळच्या निपलमधून त्याच ‘दाब-सोड’ पद्धतीने काढतात. बदलायचे ते दोन्हीकडचे एकाच वेळी बदलावे.

घरातल्यांसाठी चार गोष्टी

हा द्रव विषारी आहे. तोंडाने नळी ओढून तो काढण्याची काही पोरांना सवय असते, ती ताबडतोब बंद करावी. सरबताच्या किंवा पाण्याच्या बाटलीत तो घरात ठेवू नये. लेकराच्या पोटात गेला तर घरगुती उपाय न करता बाटली सोबत घेऊन दवाखाना गाठावा. डोळ्यांत उडाला तर भरपूर पाण्याने डोळे धुऊन डॉक्टरांना दाखवावे. गाडीच्या रंगावर सांडला तर नुसता पुसू नये, लगेच पाण्याने धुवावा. तो रंग खातो. आणि काढलेला जुना द्रव नालीत, विहिरीजवळ किंवा शेतात ओतू नये. वेगळ्या डब्यात भरून गॅरेजवाल्याकडे द्यावा.

जमाखर्च

आम्ही वाणिज्य शाखेचे, म्हणून हिशेब मांडल्याशिवाय चैन पडत नाही. दोन वर्षांतून एकदा काही शे रुपयांचा द्रव आणि मिस्त्रीची मजुरी, ही खर्चाची बाजू. दुसऱ्या बाजूला पाहा. पाण्याने आतून गंजलेला मास्टर सिलिंडर, अडकलेले कॅलिपर, गाडी उभी राहिल्याने बुडालेला धंदा आणि न थांबणारा कर्जाचा हप्ता. भाच्याच्या गाडीचे दोन सिलिंडर आणि सगळी वायसरे बदलावी लागली. चेमटलेल्या पत्र्याचा खर्च वेगळा. त्या नऊ माणसांची किंमत तर आम्ही कोणत्याच रकान्यात लिहू शकत नाही.

भाचा आजही तीच गाडी चालवतो. बॉनेटच्या आतल्या बाजूला त्याने एक चिकटपट्टी लावली आहे. तिच्यावर ब्रेक ऑइल बदलल्याची तारीख आणि किलोमीटर लिहिलेले असतात. उतारावर तो न्यूट्रल करत नाही. ज्या गिअरने घाट चढतो त्याच गिअरने उतरतो. पुढच्या वर्षी आम्ही त्याच गाडीने पुन्हा निघालो, आणि या वेळी लेणी पाहून आलो. घाट उतरेपर्यंत बहिणीने आमचा हात सोडला नव्हता, एवढेच.

चालक बंधूंनी ही चिकटपट्टी या रविवारीच लावावी. आणि आमच्या माता-भगिनींना एक विनंती आहे. लग्नाला, सहलीला, माहेरी जाण्यासाठी गाडी ठरवता, तेव्हा भाड्याची घासाघीस जरूर करा, पण त्यासोबत हा एक प्रश्न न लाजता विचारा: “भाऊ, ब्रेक ऑइल कधी बदललं होतं?” त्याला तारीख सांगता आली, तर गाडीत बसा. नाही सांगता आली, तर त्याला हे पान वाचायला द्या.